लहान, गोल, सुटी

नगरच्या एका कॉलेजात, मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये, कादरमामा 'प्रयोगशाळा परिचर' आहेत असं कागदावर लिहिलेलं आहे. कागदाला काय कळतंय! प्राध्यापक यायचे, शिकवायचे, बदली होऊन नाहीतर कंटाळून निघून जायचे. कादरमामा मात्र तेहतीस वर्षं रोज सकाळी साडेआठला ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे भांडी निर्जंतुक करणाऱ्या मोठ्या कुकरच्या, वाफेत तोंड घालून उभे. मग लॅब त्यांची नाही तर कोणाची? प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक आधी चहा मागायचे आणि मग हळूच विचारायचे, "प्लेटा कादरभाईंनी ओतल्यात ना?" हो म्हटलं की निम्मी तपासणी तिथंच आटोपायची.

हात त्यांना बापाकडून मिळाला होता. वडिलांची कापडबाजाराच्या तोंडाशी घड्याळदुरुस्तीची टपरी होती. डोळ्याला भिंग अडकवून केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायची म्हणजे श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागतो. पुढे घड्याळं स्वस्त झाली, बिघडली की लोक फेकू लागले, टपरी बंद पडली. पण हात घरात राहिला. मामांचं शिक्षण दहावी. बाकी जे काही आलं ते म्हस्के सरांमुळे. गहिनीनाथ म्हस्के म्हणजे ज्यांनी हा विभाग उभा केला ते गृहस्थ. त्यांना जाऊनही आता नऊ वर्षं झाली.

सरांनी मामांना दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली कॉलनी उचलण्याची. प्लेटवर, म्हणजे खाद्याचा थर ओतलेल्या चपट्या थाळीवर, एका जिवापासून वाढून डोळ्याला दिसणारा ठिपका म्हणजे कॉलनी. सर म्हणाले होते, "कादर, जी फुगते, पसरते ती घुसखोर समज. लहान, गोल, सुटी, ती आपली. तीच उचलायची." त्या दिवशी समोर जिवाणूंची प्लेट होती आणि त्या प्लेटपुरतं सरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मामांनी ते पाढ्यासारखं पाठ केलं आणि तेहतीस वर्षं सगळ्या प्लेटांना लावलं. दुसरी गोष्ट, लॅबमध्ये नवीन काही जिवंत आलं की त्याची पहिली नळी पॅराफिन तेलाखाली बुडवून ठेवायची आणि विसरून जायची. तेलाखाली जीव झोपून राहतो, वर्षानुवर्षं. या नळ्या बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात असायच्या. तपासणी समिती येणार म्हणून हल्लीच्या विभागप्रमुख दिपाली मॅडमनी तो डबा टाकून द्यायला सांगितला होता. "कादरभाई, आता उणे ऐंशीचा फ्रीझर आहे आपल्याकडे. हे असलं जुनाट काही दिसायला नको." मामा 'हो' म्हणाले आणि डबा डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमागे सरकवला. मामांचं 'हो' असंच असायचं.

मग मागच्या उन्हाळ्यात तो उणे ऐंशीचा फ्रीझर मेला. शनिवारी दुपारी वीज गेली ती गेलीच. सोमवारी सकाळी कुलूप उघडलं तर दारापर्यंत पाणी. आतलं सगळं वितळून खलास. जे उरलं ते साध्या फ्रिजमधल्या, मीडिया म्हणजे जिवांचं खाद्य तिरकं थिजवलेल्या नळ्यांमध्ये. त्यांना लॅबमध्ये मदर ट्यूब म्हणतात. महिन्याच्या महिन्याला एकीतून दुसरीत हलवलं नाही तर त्याही मरतात. तेव्हापासून अख्ख्या विभागाचा जीव मामांच्या हातात आला, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडलं. रिटायर व्हायला दीडेक वर्ष उरलेलं असताना कोणाला आवडणार नाही?

त्या नळ्यांमध्ये एक नळी सुकन्याची होती.

सुकन्या पाथर्डी तालुक्यातली. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, ही वसतिगृहात राहून शिकली आणि पीएचडीपर्यंत पोचली. मॅडमपुढे छापील बोलायची, मामांपुढे गावातलं. मीडियाच्या खोलीत भगुल्यात चहा उकळताना तिनं एकदा मामांना आपलं काम समजावलं होतं.

"मामा, आपला साखर कारखाना असतो ना, तशी ही यीस्टची पेशी समजा. तिच्यात मायटोकॉन्ड्रिया म्हंजे बॉयलर. समदी ताकद तिथून. आता बॉयलरला शेकड्यानं सुटे भाग लागत्यात. ते प्रथिनांचे असत्यात आन् भायेरच्या वर्कशॉपात बनून आत येत्यात. पर आठ भाग असे हायत की ते बॉयलर सोताच बनवतो, आतल्या आत, सोताच्या बारक्या यंत्रांवर."

"मग बनवू दे की. तुला काय त्रास?"

"तेच शोधायचंय ना! आत नेमकं कुठं बनवतो? आतली भिंत सरळ न्हाई, तिला घड्या पडल्यात. कडंच्या सरळ भिंतीशी बनत्यात का त्या घड्यांमंदी? ते कळलं म्हंजे बॉयलर बिघाडला की कुठं हात घालायचा ते कळंल. मान्सातला बॉयलरबी असाच हाय."

मामांना हे इतकं आवडलं की घरी जाऊन त्यांनी ते बायकोला सांगितलं. सुकन्याची रीतही चोख होती. एका औषधानं बाहेरचं वर्कशॉप बंद पाडायचं. मग यीस्टला प्रथिनाची एक अशी वीट खायला घालायची, जिला पुढे हिरवा दिवा अडकवता येतो. बाहेरचं काम बंद, म्हणजे जिथं हिरवं दिसेल तिथं आतलं काम चालू. भिंत ओळखू यावी म्हणून ते यीस्टच असं खास होतं की त्याच्या मायटोकॉन्ड्रियाची भिंत लाल दिसायची. ते बंगळूरहून टपालाने मागवलेलं. लाल भिंत, हिरवा ठिपका. बस्, एवढं दिसायला हवं होतं.

आठ महिने झाले, लाल भिंत दिसत होती. हिरवा ठिपका एकदाही दिसला नाही.

पहिले दोन महिने सुकन्यानं औषधाला दोष दिला, मग मीडियाला, मग सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याला. सगळं बदलून झालं. चौथ्या महिन्यापासून ती आपल्या हाताकडे बघायला लागली. पिपेट धरली की बोटं थरथरायची आणि थरथरली की आणखी भीती वाटायची. मामा तिला म्हणायचे, "हात बसेल बेटा. मला तर वर्ष लागलं होतं." त्यांना खरंच तसं वाटत होतं.

शेवटी मॅडमनी ओळखीपाळखीतून पुण्याच्या एका मोठ्या संस्थेतला भारी सूक्ष्मदर्शक एका दिवसासाठी मिळवला. बुधवारची वेळ ठरली, आणि त्यानंतर वर्षभर मिळणार नव्हती. पुण्याच्या लोकांनी एकच अट घातली: यीस्ट साखरेवर नको, ग्लिसरॉलवर वाढवून आणा. साखर मिळाली की यीस्ट आळशी होतं, बॉयलर न पेटवता भागवतं. ग्लिसरॉलवर जगायचं तर बॉयलर पेटवावाच लागतो. सुकन्यानं ग्लिसरॉलच्या चार प्लेटा लावल्या. नवव्या दिवशी, सोमवारी, त्या उघडल्या. चारही कोऱ्या.

मॅडमचा आवाज मीडियाच्या खोलीपर्यंत आला. मामा सिंकपाशी फ्लास्क घासत होते.

"पेटिट झालंय ते, सुकन्या! कळतंय का? बुटकं यीस्ट. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए गेला की आतलं प्रथिनाचं काम कायमचं बंद. मग ते साखरेवर कसंबसं जगतं, बारक्या बारक्या कॉलनी धरतं आणि ग्लिसरॉलवर टाकलं की संपलं. उष्णतेनं होतं असं. गेल्या आठवड्यात इनक्युबेटर तापला होता, तेव्हा कुठं होतीस तू?"

"मॅडम, मी लगेच फ्लास्क बाहेर काढले होते. कदाचित मदर ट्यूबच..."

"मदर ट्यूब कादरभाईंची आहे! त्यांच्या नळीत खोट निघेल? तेहतीस वर्षांत निघाली नाही. आठ महिने तुझ्या हातून एक ठिपका दिसला नाही आणि आता आहे ते यीस्टही घालवलंस. काही हात कोयत्यालाच बरे असतात, पिपेटला नाही."

बोलून झाल्यावर खुद्द मॅडमनाही ते लागलं असावं, कारण त्या लगेच केबिनकडे वळल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत बघ. नाहीतर पुढच्या बुधवारची पुण्याची वेळ सोडून देऊ."

मामांच्या हातात साबणाचा फ्लास्क तसाच राहिला होता. कोयत्याचं वाक्य त्यांनी ऐकलं, पण त्यांचे कान त्याआधीच्या दोन शब्दांवर अडकले होते. बारक्या कॉलनी.

त्यांना सगळं लख्ख आठवलं. फ्रीझर मेल्यानंतरचा पहिला महिना. सुकन्याचं यीस्ट त्यांनी प्लेटवर रेघांनी ओढलं. यीस्टला एकेका कॉलनीवरून पुढं नेण्याची ती पहिलीच वेळ, आजवर ते फ्रीझरमधूनच यायचं. दोन दिवसांनी बघितलं तर प्लेटभर टपोऱ्या, सायीच्या रंगाच्या कॉलनी आणि मध्ये तीन-चार बारक्या, मोहरीएवढ्या. मामांनी टपोऱ्यांकडे संशयानं पाहिलं होतं. घुसखोर! लूपची, म्हणजे कॉलनी उचलायच्या काडीची, तार जाळात लाल केली, गार केली आणि एक बारकी अलगद उचलून नव्या नळीत ठेवली. टपोऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये शिजवून टाकल्या. पुढच्या महिन्यात सगळ्याच बारक्या आल्या, एकसारख्या, टाचणीच्या डोक्यासारख्या. मामांना वाटलं होतं, आपण वाण शुद्ध केलं. मॅडमना मुद्दाम बोलावून दाखवलंही होतं, आणि घाईत असलेल्या मॅडमनी वरवर बघून "वा!" म्हटलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा.

म्हणजे सुकन्यानं गेले आठ महिने ज्या यीस्टमध्ये हिरवा ठिपका शोधला, त्यात ठिपका असणारच नव्हता. आत काम बंदच होतं. बंद मामांनी पाडलं होतं.

मामा स्टुलावर बसले. पहिला विचार मनात आला तो चांगला नव्हता, आणि तो आला नाही असं सांगण्यात अर्थ नाही. त्यांच्या मनात आलं, हे कोणाला माहीत नाही.

दुपारी लॅब रिकामी झाली तेव्हा त्यांनी डिस्टिल्ड वॉटरचे कॅन सरकवले आणि बिस्किटांचा डबा काढला. आत दोन वर्षांपूर्वीची, बंगळूरचं पाकीट फोडलं त्या दिवशीची नळी होती. मामांच्याच अक्षरातली चिठ्ठी, वर तीन बोटं तेल. एकच नळी. दोन उन्हाळे बाहेर काढलेली. आत जे होतं ते झोपलं होतं का मेलं होतं, ते चेहऱ्यावरून कळत नाही.

त्यांनी ग्लिसरॉलची एक प्लेट घेतली आणि पाठीवर मार्करनं मधोमध रेघ मारली. डावीकडे फ्रिजमधली आपली शुद्ध मदर ट्यूब ओढली. उजवीकडे तेलाखालचं. तेलकट लूप जाळात धरली की तडतडते, शिंतोडे उडतात, जवळचं सगळं खराब होऊ शकतं. म्हणून ती आधी जाळाच्या कडेला धरून हळूहळू सुकवावी लागते. हे हजारदा केलेलं काम. पण त्या दिवशी लूप सुकली का ते मामांनी दोनदा पाहिलं. प्लेट इनक्युबेटरमध्ये सगळ्यात मागं, उलटी ठेवून त्यांनी दार लावलं.

मंगळवारी काही नाही. बुधवारी उजवीकडे डोळे ताणून पाहिलं तर धुकं आल्यासारखं वाटलं. ते धुकं होतं का चष्म्यावरची वाफ, सांगता येईना. घरी बायको विचारायची, "जी, काय झालंय?" मामा म्हणायचे, "कुछ नहीं, गॅस हुई." सुकन्या दोन्ही दिवस लॅबमध्ये येऊन गप्प बसून गेली. तिनं चहाही नको म्हटला. मामांनी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही.

गुरुवारी सकाळी साडेआठला ऑटोक्लेव्हला हात न लावता मामांनी आधी इनक्युबेटर उघडला. प्लेट उजेडाकडे धरली.

डावीकडे काही नव्हतं. कोरं, चकचकीत, ट्यूबलाईट दिसेल असं. उजवीकडे टपोऱ्या, सायीच्या रंगाच्या कॉलनी, रेघेपर्यंत भरून.

मामांच्या तोंडून "या अल्ला" निघालं, आणि ते आनंदाचं होतं का भीतीचं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. जिवंत होतं! आता पुढचा रस्ता इतका सोपा होता की त्याचीच भीती वाटावी. उजवीकडची एक कॉलनी उचलायची, नव्या नळीत ठेवायची, नळीवर जुनंच नाव घालायचं. सुकन्याला म्हणायचं, बेटा, परत एकदा लावून बघ. वाढेल. मॅडम खूश, पोरगी बुधवारी पुण्याला. आणि सात महिन्यांनी निरोप समारंभात सगळे म्हणणार, कादरभाईंच्या नळीत कधी खोट निघाली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नळी तयार झाली. प्लेट त्यांनी टेबलाच्या खणात ठेवली.

साडेदहाला सुकन्या आली. अंगात ॲप्रन नव्हता. तो घडी करून हातात धरलेला. वर कपाटाच्या किल्ल्या.

"मामा, ह्या मॅडमला द्या. मला त्यांच्या केबिनीत जायाचं न्हाई. अर्ज मेलनं पाठवते. दोनच्या गाडीनं निघते मी."

मामांनी नवी नळी पुढं केली. "थांब बेटा. ही मदर बघ, ताजी हाय. परत एकदा लावून बघ. या बारीला वाढंल. मी सांगतो ना."

सुकन्यानं नळीकडे पाहिलंही नाही. "नळी चांगलीच असंल मामा. तुमची नळी चांगलीच असती. नळीचं काय बी न्हाई." तिनं दोन्ही हात पुढं करून उलटेपालटे केले, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. "हातच न्हाईत माझे. आठ म्हयने बगितलं. मॅडम वंगाळ बोलल्या, पर खोटं न्हाई बोलल्या. आईला बी फोन केला. ती म्हनली, ये."

आता सांगा. मामांनी सजवून ठेवलेलं सगळं होतं, नळी, नाव, वाक्य, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. यीस्ट जिवंत करून भागणार नव्हतं. या पोरीला आता दुसरी संधी नकोच होती. तिला जे हवं होतं ते फक्त मामांच्या खणात होतं.

त्यांनी खण ओढला आणि प्लेट तिच्यापुढं ठेवली.

"ही ग्लिसरॉलची हाय," ते म्हणाले. "उजवीकडं बंगळूरची पहिली नळी. तेलाखाली ठेवली हुती मी. डावीकडं माझी मदर. दहा महिने तुला देतोय ती."

सुकन्या प्लेटकडे बघत राहिली. तिला समजायला दोन श्वासांपेक्षा जास्त वेळ लागला नाही. हुशार पोरगी ती.

"मदरच पेटिट हाय?"

"हो."

"कवापासून?"

"फ्रीझर गेला तवापासून. पहिल्याच बारीला. मोठ्या कॉलनी मी टाकल्या. बारकी उचलली." मामांनी चष्मा काढला, परत घातला. "मला वाटलं मोठ्या घुसखोर. सरांनी शिकवलं हुतं. सरांची चूक न्हाई, मी इचारलं न्हाई कोणाला. सोमवारी मॅडम बोलल्या तवा कळलं मला. तीन दिवस गप्प बसलो. आत्तासुद्धा गप्पच बसणार हुतो."

सुकन्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "आठ म्हयने," ती म्हणाली. आवाज चढला. "आठ म्हयने तुमी मला म्हनत हुता, हात बसंल! मी रोज हॉस्टेलवर पान्यानं भरलेली पिपेट घेऊन सराव करायची, मामा. घास तोंडात न्यायचा तर हाताकडं बगायची. आन् तुमी म्हनत हुता हात बसंल!"

मामांनी मान खाली घातली. बाहेर कोणीतरी व्हरांड्यातून गेलं. मग सुकन्याचा आवाज आला, निराळाच, अगदी बारीक.

"म्हंजे माझे हात चुकत नव्हते?"

"नाही बेटा."

ती स्टुलावर बसली आणि रडली. मामा उभे राहिले. गप करायला ते पुढं गेले नाहीत. आपला तो हक्क राहिलेला नाही, एवढं त्यांना कळत होतं.

मग मामा प्लेट घेऊन स्वतः केबिनमध्ये गेले. डबा फेकला नव्हता हेही सांगितलं आणि कॉलनीचंही. मॅडमनी प्लेट उजेडात धरली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मामांनी एकदा बारक्या कॉलनी दाखवल्या होत्या आणि आपण 'वा' म्हटलं होतं, हे त्यांना आठवलं असणार, कारण त्यांनी ओठ दाबून धरले. दुपारी मामांना मेमो मिळाला. तेहतीस वर्षांतला पहिला. त्यांनी तो वाचून, सही करून, खिशात ठेवला. मॅडमनी सुकन्याची माफी मागितली नाही. काही माणसांच्या तोंडातून तो शब्द निघतच नाही. पण स्वतःच्या पीएचडीपासून जपलेला, कोणाला हात लावू न दिलेला पिपेटचा संच त्यांनी तिच्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाल्या, "पुण्याला हा ने. त्यांचे कसे असतील भरवसा नाही."

दोनची गाडी गेली. त्या दिवशी प्लेटवरून कॉलनी उचलायची वेळ आली तेव्हा सवयीनं मामांचा हात लूपकडे गेला. मध्येच थांबला. त्यांनी लूप उलट्या बाजूनं सुकन्यापुढं धरली.

"तू उचल."

सुकन्यानं तार जाळात लाल केली, गार केली आणि सगळ्यात टपोरी कॉलनी उचलली. तिचा हात थरथरत होता की नाही, ते मामांनी पाहिलं. नव्हता.

बुधवारी पहाटेच्या पुण्याच्या एसटीत सुकन्या खिडकीला बसली आणि थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन मामा शेजारी. "तुमी चला" असं तीच म्हणाली होती. का ते सांगितलं नव्हतं, आणि मामांनी विचारलं नव्हतं. सुप्याच्या पुढं गतिरोधक आले की मामा डबा दोन्ही हातांनी वर उचलून धरत.

संस्थेतली ती खोली अंधारी आणि थंडगार होती. दोन स्लाइड होत्या. सुकन्यानं पहिली लावली ती तुलनेसाठी साखरेवर वाढवलेल्या बुटक्या यीस्टची, मामांच्या मदर ट्यूबमधल्या. पडद्यावर लाल भिंती उमटल्या. हिरव्याच्या जागी काळं. तिथल्या बाई म्हणाल्या, "यात तर काहीच नाही." सुकन्या त्या काळ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मामांना काळजी वाटली.

"ह्योच अंधार," ती मामांकडे न बघता म्हणाली. "बरूबर ह्योच. आठ म्हयने रोज बगितला मी. इथं काय न्हाई म्हनून माझे हात रोज खरं सांगत हुते मामा, आन् मी त्यांनाच शिव्या घालत हुते."

"व्हय बेटा," मामा म्हणाले. "खोटं माझ्या हातानं सांगितलं."

तिनं दुसरी स्लाइड लावली. बोटांनी चाक फिरवत राहिली. पडदा धूसर झाला, लाल झाला आणि हळूहळू त्या लाल भिंतीला आतून चिकटलेले हिरवे ठिपके वर आले. एक, मग तीन, मग सगळीकडे. कडेला किती आणि घड्यांमध्ये किती हे मोजायला अजून कितीतरी महिने जाणार होते. पण काम चालू होतं, भिंतीला धरून, आतल्या आत. तिथल्या बाईंनी टाळी वाजवली. सुकन्यानं खुर्ची मागं सरकवली आणि मामांना पुढं बसवलं.

मामांनी चष्मा काढला आणि बाप घड्याळात डोकवायचा तसे पडद्याला नाक लावून बघत राहिले.

"कसं दिसतंय मामा?"

ठिपके लहान होते, गोल होते, सुटे होते. ते तीन शब्द मामांच्या जिभेवर आले आणि त्यांनी ते गिळले.

"चांगलं दिसतंय," ते म्हणाले. "पण मला काय कळतंय. तू बघ."